संत वर्वरेचे पाते

काचतंतूंच्या कापडावर पाण्याचा थेंब पडला, की तो सुती कापडावर पसरतो तसा गोल पसरत नाही. क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. मग धाग्यांच्या दिशेने, फक्त त्याच दिशेने, आत सरकायला लागतो आणि जवाच्या दाण्यासारखा लांबट, टोकदार डाग उमटतो. कापड पांढरे, पाणी बिनरंगी. तिरप्या उजेडात उभे राहिल्याशिवाय तो डाग दिसायचाही नाही. स्मरांदा मोगोश तिरप्या उजेडातच उभी होती. कारखान्यातल्या गुणवत्ता तपासणीची ती प्रमुख. पण पुढच्या रांगा पाहुण्यांना, मधल्या रांगा पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना गेल्यामुळे तिला खिडकीजवळच्या खांबाआड जागा मिळाली होती. तिथून तिला एक थेंब दिसला, मग दुसरा. पुढचे मोजण्यात अर्थ उरला नाही.

फादर पाफ्नुतिए पाण्याच्या बाबतीत कंजूष नव्हते. त्यांची सगळी उमेदीची वर्षे लुंकोआराच्या कोळसा खाणीच्या तोंडाशी पाणी शिंपडण्यात गेली होती, आणि कोळशाच्या धुळीत चार थेंब पडले काय नि न पडले काय. त्यामुळे सब्जाच्या डहाळ्यांची जुडी बादलीत मनगटापर्यंत बुडवायची आणि रंगारी भिंतीला चुना मारतो तसा हात फिरवायचा, ही त्यांची पद्धत. खाण बंद झाली, बादली तीच राहिली. आज त्यांच्यासमोर पवनचक्कीच्या पहिल्या पात्याचा साचा होता. चर्चच्या आवारात न मावणारा, होडीसारखा उघडा, आणि त्यात थरावर थर अंथरलेले कोरडे पांढरे कापड. या कापडावर प्लास्टिकचा पडदा घालून आतली हवा ओढून घ्यायची, मग रेझिन आत शिरते, थराथरांत भिनते, कडक होते आणि पाते तयार होते. अट एकच. कापड कोरडे हवे.

कॅमेरे लागलेले, बुखारेस्टहून मंत्री आलेले. फादरांनी साच्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तीन फेऱ्या मारल्या. पात्याच्या मुळाशी, जिथे ते चाकाला जोडले जाते आणि जिथे सगळा ताण येतो, तिथे त्यांनी विशेष जोर लावला. मूळ भक्कम असावे अशी त्यांची सदिच्छा होती.

लोक मांडवात जेवायला निघाले तेव्हा स्मरांदाने संचालक बुर्लाकु यांना गाठले.

"साहेब, कापड ओलं झालंय."

"कुठलं कापड?"

"साच्यातलं. पात्याच्या मुळाशी सगळ्यात जास्त."

बुर्लाकुंनी आजूबाजूला पाहिले. "ओलं नाही म्हणायचं, मोगोशबाई. पावन म्हणायचं."

"पावन म्हणा. पण त्याला रेझिन धरणार नाही. वरचे थर काढून नवे घालते. तुमचं जेवण होईपर्यंत होईल."

"आणि ते?" त्यांनी हनुवटीने दाखवले. टीव्हीवाले साच्याभोवती सँडविच खात बसले होते. "फादरनी मंत्रलेलं कापड तुम्ही गुंडाळून कचऱ्यात टाकताय, हे संध्याकाळच्या बातम्यांत जायला हवंय का? खाण बंद केली तेव्हा लोकांनी माझ्या आधीच्या संचालकाची गाडी ओढ्यात घातली होती. मी कर्ज काढून घेतलीय गाडी."

"मग काय करायचं?"

"काही नाही करायचं. उद्घाटनाचं बटण खोटं आहे. मंत्री दाबतील, हिरवा दिवा लागेल, बँड वाजेल, सगळे घरी जातील. पंप तुम्ही उद्या तुमच्या हाताने सुरू करा. तोवर घाला काय घालायचं ते नवं कापड. तुम्हाला शास्त्र हवं, मला समारंभ. दोघांचंही होतंय की."

हे तिला पटले. न पटण्यासारखे त्यात काही नव्हते. कामगारांनी पडदा अंथरला, कडा चिकटवल्या. जेवणानंतर मंत्र्यांनी भाषण केले. या खोऱ्याने देशाला उजेड दिला, आता हे खोरे वारा देणार. बसलेल्या खाणकामगारांपैकी बरेच जण पेंगत होते. हे भाषण त्यांनी याच शेडमध्ये आधीही ऐकले होते. तेव्हा इथे टी-शर्टची शिलाई सुरू होणार होती, त्याआधी अळंबीची लागवड आणि त्याच्याही आधी भविष्यकेंद्र नावाचे काहीतरी, ज्यात नेमके काय होते ते कुणालाच कळले नाही, पण खुर्च्या फार चांगल्या होत्या. त्या अजून गावात घरोघरी आहेत.

मंत्र्यांनी बटण दाबले. हिरवा दिवा लागला. बँड वाजला. आणि बँडच्या मागे, आधी हलका, मग भरदार असा एक घरघराट सुरू झाला. पडदा आत ओढला गेला, कापडाला चिकटला, आणि नळ्यांमधून मधाच्या रंगाचे रेझिन साच्याकडे सरकू लागले.

स्मरांदाने बुर्लाकुंकडे पाहिले. बुर्लाकुंनी पंपाकडे पाहिले. पंपाजवळ पाळीचा मुकादम ग्लिगोर छाती फुगवून उभा होता.

"चालतं, साहेब!" तो बँडच्या वरताण ओरडला. "खोटं बटण लावलं होतं कुणीतरी. काल मीच जोडलं खरं!"

"का?" बुर्लाकुंच्या तोंडून एवढेच आले.

"का म्हणजे? बटण आहे म्हटल्यावर ते चालायला नको? खाणीत खोटं बटण लावलं असतं तर पोरांनी लावणाऱ्याला त्याच्याखाली पुरला असता. मंत्र्याला फसवायचं म्हणजे काय! पाहुणा आहे तो."

टाळ्या पडल्या. आत गेलेले रेझिन बाहेर काढता येत नाही. निघायच्या घाईत असलेल्या मंत्र्यांनी ग्लिगोरचा हात दाबून म्हटले, "अशी माणसं हवीत देशाला."

*

पाते कडक झाले. क्रेनने साच्यातून उचलून शेडच्या मधोमध दोन लोखंडी घोड्यांवर ठेवले, तेव्हा स्मरांदाला जे दिसेल असे वाटले होते तेच दिसले. निरोगी भागात ते फिकट हिरवट आणि अर्धपारदर्शक होते, बर्फाखालच्या तळ्यासारखे. मुळाशी मात्र दुधाळ पांढरे चट्टे. जिथे पाणी होते तिथे रेझिन धाग्यांना धरले नव्हते. एका जागी चट्टे एकमेकांत मिसळून माणसाच्या उंचीचा एक ढग झाला होता.

झाडणारी वेटुरिया तिच्या मागून आली, झाडू टेकला, डोळे बारीक केले आणि गुडघ्यांवर बसली.

"संत वर्वरा!"

"वेटुरियाबाई, ते ओलाव्याचे डाग आहेत."

"डोक्यावर पदर आहे. खाली झगा. आणि हातात बघा, बाई, मनोरा! वर्वरेच्या हातात मनोराच असतो!"

खाणकामगारांची कैवारी संत वर्वरा. लुंकोआरात एकही घर असे नाही जिथे तिची तसबीर चुलीवर नाही. दुपारपर्यंत शेडच्या दाराशी रांग लागली. संध्याकाळपर्यंत बुर्लाकु आले, हात मागे बांधून त्या ढगाकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा प्रकाश पसरला की वेटुरियाने तोही चमत्कारात धरला.

"मनोरा," ते म्हणाले. "मोगोशबाई, तुमच्या लक्षात येतंय का? तो पवनचक्कीचा मनोरा आहे."

*

निर्णय स्मरांदाचा होता. पाते पास की नापास हे कारखान्यात एकच व्यक्ती ठरवणार, असे खरेदीदार डॅनिश कंपनीने करारातच घातले होते. संचालकाने, मंत्र्याने किंवा पाद्र्याने ठरवायचे नाही, हेही घातले असते, तर ते किती दूरदर्शी ठरले असते. पास झाले तर पहिले पाते जाणार, पुढच्या पात्यांची मागणी पक्की होणार. नापास झाले तर काय होणार, ते बुर्लाकु रोज वेगळे सांगत. कधी डॅनिश लोक तुर्कस्तानात जाणार होते, कधी मोरोक्कोत. एकदा तर ते नुसतेच जाणार होते, कुठे ते न ठरवता.

स्मरांदाचे उत्तर मात्र रोज एकच असे. "चाचण्या चालू आहेत."

चाचण्या पहिल्याच आठवड्यात संपल्या होत्या. तिने ध्वनिलहरींच्या यंत्राने सगळे पाते पालथे घातले होते आणि मग स्वतःच्या समाधानासाठी छोटी हातोडी घेऊन मुळाशी टकटक केली होती. चांगला भाग काचेच्या पेल्यासारखा वाजतो. वर्वरा मातीच्या फुटक्या मडक्यासारखी वाजली. रांगेतल्या बायका किंचाळल्या.

"पोटावर मारतेय गं तिच्या!"

"शिकलेली ना, तिला काय पोटाचं!"

"वाजवून बघतेय, जसं काही कलिंगडच आहे!"

तेव्हापासून स्मरांदा हातोडी खिशात ठेवून फिरू लागली, बाहेर काढायची नाही. सकाळी आली की आधी ओल्या फडक्याने वर्वरेच्या पायावरचे लिपस्टिकचे ठसे पुसायचे. लोक पात्याचे मुके घेत. रेझिनच्या पिंपांपासून दहा पावलांवर मेणबत्त्या लावत. त्या तिने कशाबशा बाहेर हलवल्या, तर बाहेर मेणबत्त्यांची दुकाने लागली. मग मिची नावाच्या खिम्याच्या कबाबांच्या शेगड्या आल्या आणि भाजलेल्या मांसाचा धूर शेडमध्ये शिरू लागला. मग वाहनतळ आला, वाहनतळाला राखणदार आला. बुर्लाकुंनी जिल्ह्याला कळवले, की प्रकल्पातून रोजगार निर्माण झाले आहेत: थेट, अप्रत्यक्ष आणि प्रेरित. थेटमध्ये कारखान्याचे कामगार. अप्रत्यक्षमध्ये मेणबत्तीवाल्या. प्रेरितमध्ये फादर पाफ्नुतिए.

थेटवाले रिकामे बसून होते. शेड तीर्थक्षेत्र झाल्यावर दुसऱ्या पात्याचे कापड अंथरणार कुठे? धूळ, धूर, लोकांच्या ओल्या कोटांची वाफ. आणि पहिल्या पात्याचा निकाल लागल्याशिवाय दुसरे करायचे नाही, हेही करारात. पहिले पाते ना जात होते, ना राहत होते. सगळ्या गावाचे भिजत घोंगडे त्या दोन घोड्यांवर वाळत पडले होते आणि ते वाळत नव्हते.

एका सकाळी ती लवकर आली, तर ग्लिगोर साच्याच्या काठावर बसून खारवलेली चरबी आणि कांदा खात होता. तिच्या वडिलांबरोबर त्याने खाणीत काम केलेले. चारचौघांत तो तिला इंजिनिअरबाई म्हणे, एरवी पोरी.

"ये, पोरी. खा थोडं. चाचणीला जोर येईल."

"टोमणा आहे का, काका?"

"छे. टोमणा मारायला काम करून दमलेलं असावं लागतं. मी बसून बसून दमलोय." त्याने सुरीवर चरबीचा काप धरून पुढे केला. "कधी सांगणार?"

"काय वाटतं तुम्हाला, काय सांगावं?"

"पास सांग. अजून काय? मला सांग, पोरी, मी मधमाश्या पाळायचं प्रमाणपत्र घेतलं. एकही मधमाशी न बघता. मग कॉम्प्युटरचं. मग बेकरीचं, त्याला निदान पाव खायला मिळाला. त्यानंतर पवनचक्कीचं. तेव्हा आम्हाला पुठ्ठ्याचं चक्र दिलं होतं आणि मास्तर तोंडाने फुंकायचा. एवढं सगळं करून पहिल्यांदा या हातांनी एक वस्तू केलीय. ती नापास करतेस?"

"वस्तू तुमच्यामुळे नापास नाही, काका. कापड तुम्ही चोख अंथरलं होतं."

"मग?"

"मुळाशी ओल आहे. वारा सुटला की तिथून तडा जाणार. कधी जाईल ते सांगता येत नाही. जाणार एवढं येतं."

"वर्वरा धरेल की. तीस वर्षं छत धरलं तिने आमच्या डोक्यावर."

"चौथ्या बोगद्याचं छत पडलं, तेव्हा कुठे होती?"

ग्लिगोरने सुरी पुसली. मिटली. चौथ्या बोगद्याचे नाव गावात कुणी जेवताना काढत नसे. "तुझा बाप असं नसता बोलला," तो म्हणाला.

"बाबा त्या दिवशी तिथे होते म्हणून बोलतेय."

तो उठून गेला. कांदा तसाच राहिला. पुढचे काही दिवस तो तिला चारचौघांत नसतानाही इंजिनिअरबाई म्हणत होता.

*

फादर पाफ्नुतिए आले ते रांग टाळून, मागच्या दाराने. स्मरांदाच्या काचेच्या खोलीत त्यांनी आधी ध्वनिलहरींच्या यंत्राकडे, मग तिच्याकडे बघितले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मुली, एक विचारू का? ते पाणीच होतं ना?"

"पाणीच होतं, फादर."

"म्हणजे त्या... त्या पांढऱ्याचं कारण पाणी."

"हो."

"मी शिंपडलेलं."

"तुम्ही शिंपडलेलं."

फादर विचारात पडले. "थोडं कमी शिंपडलं असतं, तर?"

"तर संत थोडी लहान झाली असती."

ते हसले नाहीत. दाढीतून हात फिरवला. "मला ती दिसत नाही, माहितीय का. रोज बघतो. चष्मा लावून बघतो, काढून बघतो. वेटुरियाला झग्याच्या घड्या दिसतात, मला एक मेंढी दिसते, तीही नीट नाही. पण मी तसं म्हटलं, तर लोक म्हणतील फादरची श्रद्धा गेली. आणि दिसते म्हटलं तर बिशपसाहेब विचारतील, कुणाच्या परवानगीने दिसते? म्हणून आयोग नेमलाय."

"काय म्हणतो आयोग?"

"आयोग म्हणतो, आधी शास्त्राचं मत येऊ द्या." त्यांनी तिच्याकडे इतक्या आशेने पाहिले, की तिला त्यांची कीव आली आणि रागही. "तू सांग ना, मुली. तू नापास म्हणालीस की मी म्हणेन, चर्च शास्त्राचा आदर करतं. तू पास म्हणालीस तर म्हणेन, बघा, शास्त्रालाही पटलं. मला दोन्ही चालतं. फक्त कुणीतरी आधी बोलायला हवं."

"तुम्हाला दोन्ही चालतं, साहेबांना ना हे ना ते चालतं," स्मरांदा म्हणाली. "आणि सगळे माझ्या दाराशी येऊन बसलाय."

"तुझ्या दाराला काच आहे," फादर म्हणाले. "आत उजेड दिसतो." आणि टोपी घालून मागच्या दारानेच गेले.

ती त्यांच्यावर चिडून बसली, आणि थोड्या वेळाने तिला स्वतःचेच हसू आले. फादरांनी आयोग नेमला होता, तिने चाचण्या. काय फरक होता? तिला उत्तर माहीत होते आणि ती ते सांगत नव्हती. कारण नापास म्हटले की ती गावात वर्वरेला हाकलणारी बाई म्हणून ओळखली जाणार, आणि खरेदीदार खरेच निघून गेला, तर ग्लिगोरच्या हातातून एकुलती एक खरी वस्तू काढून घेणारीही. पास म्हणणे तिला जमणार नव्हते. मग उरले होते ते चालू आहेत, चालू आहेत. तेवढ्यात दाराबाहेर कामगारांपैकी दोघे बोलत गेले. एकाने जर्मनीत भेंडीसारखी कसलीशी भाजी तोडायचे काम धरले होते. "इथे काय," तो म्हणत होता, "इथे वर्वरा कमावते, आपण बघतो."

*

डॅनिश कंपनीचा माणूस आला त्या दिवशी बुर्लाकुंनी तयारी अशी केली होती, की नापास म्हणायला कुणाची जीभच उचलू नये. शेडच्या दाराशी शाळेतल्या मुली भरतकामाच्या पोशाखात, हातांवर पाव आणि मीठ. बँड. खाणकामगारांचा गायनसंघ, ज्यातले निम्मे आता छातीतल्या धुळीमुळे वरचे सूर सोडून देत. पात्याला फुलांची माळ, वर्वरेच्या पायाशी गालिचा. बायका ओळीने उभ्या.

आस्गर नावाचा तो लांबट माणूस पाव तोडून मिठात बुडवताना जरा जास्तच बुडवून बसला आणि तोंड वाकडे न करता गिळण्याची त्याची धडपड बघून गायनसंघातल्या कुणीतरी म्हटले, "हा खरा सभ्य. उचला त्याला, खाणीत पाठवू."

बुर्लाकुंनी भाषण सुरू केले. आस्गरने हात वर केला. त्याला दुसऱ्या एका कारखान्यात राहून थोडी भाषा येत होती; क्रियापदे मात्र त्याने घेतली नव्हती.

"माफी. भाषण नंतर. आधी पातं. पास? नापास?"

"तत्त्वतः," बुर्लाकु म्हणाले, "चाचण्यांच्या अंतिम टप्प्यात..."

"पाच आठवडे चाचणी?"

"सखोल चाचणी! आणि म्हणूनच आमच्याकडे एक प्रस्ताव आहे." बुर्लाकुंनी श्वास घेतला. हा त्यांचा मास्टरस्ट्रोक होता. स्मरांदालाही त्यांनी तो सांगितला नव्हता. "हे पहिलं पातं तुम्ही नेऊच नका! ते आम्ही इथेच लावू. गावावरच्या टेकडीवर, पहिल्या पवनचक्कीला. वर्वरा आकाशात फिरेल, सगळ्या खोऱ्यावरून. जगात कुठेही असं नाही. लोक बसने येतील. टेकडीच्या पायथ्याशी यात्रेकरूंचं विश्रामगृह, त्याला लागून नवी बालवाडी, तिचा पाया घातलाच आहे. तुमची जबाबदारी शून्य. पुढची पाती तुमची!"

बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. गायनसंघातला एक जण रडू लागला. आस्गरने टेकडीच्या दिशेने पाहिले, मग पात्याकडे, मग खांदे उडवले.

"तुमची टेकडी. तुमची माणसं. ठीक." आणि तो स्मरांदाकडे वळला. "पण अजून एक शब्द. तुमच्याकडून. पास? नापास?"

बँडवाल्याने झांजेवर हात दाबून धरला. फादर पाफ्नुतिए छताकडे बघत होते. एवढे आठवडे स्मरांदा मनात जे पाते बघत आली होती, ते कुठल्या तरी परक्या समुद्रकिनाऱ्यावर, परक्या वाऱ्यात तुटणारे पाते होते. आणि तसे बघणे किती सोयीचे होते, हे तिला आता कळले. आता ते घरावर आले होते. एका वाऱ्याच्या दिवशी मुळाशी तडा जाणार, आणि एवढे मोठे पाते सुटले की ते कुठे जाऊन पडते याचे गणित तिने विद्यार्थी असताना सोडवले होते. बालवाडी त्या वर्तुळाच्या बरोबर आत येत होती.

"मोगोशबाई अजून अभ्यास करतायत," बुर्लाकु हसत म्हणाले. "शास्त्रज्ञांचं असंच असतं. पण तत्त्वतः..."

"बोला की, बाई," वेटुरिया कळवळून म्हणाली. "आईला आमच्या टांगणीला नका लावू."

"ए, गप गं," ग्लिगोर पुढे येत म्हणाला. टोपी हातात होती. त्याने स्मरांदाकडे पाहिले, रागाने नव्हे, पण प्रेमानेही नव्हे; खाणीत छताखाली उभे राहून वरच्या लाकडाचा आवाज ऐकताना बघतात तसे. "माझी नात त्या बालवाडीत जायचीय, पोरी. टेकडी बिकडी राहू दे. तू सांग, ते धरेल का?"

"धरणार नाही, काका."

"म्हणजे बाईंना असं म्हणायचंय," बुर्लाकु मधे आले, "की चाचण्या..."

"चाचण्या केव्हाच संपल्या," स्मरांदा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान आला. मागच्या बायकांना ऐकू गेला नाही हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले, म्हणून ती गालिच्यावर चढली, वर्वरेकडे पाठ केली, आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असे म्हणाली, "हे पातं नापास आहे."